राज्यकारभारात तरुणांचा सल्ला



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते गृहस्थ शिक्षक होते, आणि शिक्षकाच्या स्मृतीला वंदन करावयाचे तर तरुणांविषयी चार गोड शब्द बोलून मोकळे व्हावे, असा मोह वक्त्याला पडणे साहजिक आहे. मावळात बोलणाऱ्याची तर आणखी एक सोय असते. विषय तरुणांचा निघाला की तोरण्याकडे आणि राजगडाकडे बोट दाखवावे, शिवरायांच्या कोवळ्या वयातील सवंगड्यांचे स्मरण करावे आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसावे. त्या सवंगड्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, म्हणूनच आज त्यांना तसदी देण्याचा माझा विचार नाही. माझा विषय याहून पुष्कळ रुक्ष, किंबहुना निव्वळ कचेरीतला आहे. राज्याचे धोरण आकार घेत असता, म्हणजे हुकूम निघण्यापूर्वी, तरुणांचे मत विचारण्याची काही नियमित व्यवस्था असावी काय, सल्लागार मंडळे नेमून ती साधेल काय, आणि साधावयाची तर त्या मंडळांना सर्वांत अधिक कशाची गरज लागेल, एवढ्याच प्रश्नाचा विचार मी आपणांपुढे मांडणार आहे.

आपल्या राज्यघटनेने वयाच्या मर्यादा स्पष्ट आखून दिल्या आहेत. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. पंचायतीत किंवा नगरपरिषदेत निवडून येण्यास २१, विधानसभेत बसण्यास २५ आणि विधान परिषदेत बसण्यास ३० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. या मर्यादांशी माझे भांडण नाही. परंतु केवळ लोकसंख्येच्या हिशेबाने काही आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाहीत, हे घटनाकारांनी स्वतःच ओळखले होते, आणि म्हणूनच आपल्या ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत पदवीधरांना ७, शिक्षकांना ७, स्थानिक संस्थांना २२ आणि साहित्य, शास्त्र, कला, सहकार व समाजसेवा यांतील जाणकारांना राज्यपालांच्या नियुक्तीने १२ जागा मिळाल्या आहेत. यांत वयाचा विचार कोठेही नाही. पदवीधर मतदारसंघात तो सापडेल असे कोणी म्हणेल, तर तेथे मत देण्यासाठी पदवी मिळून तीन वर्षे लोटलेली असावी लागतात, आणि ज्याने पदवीपूर्वीच शिक्षण सोडून तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम धरले त्याला त्या मतदारसंघाचे दार कायमचे बंद आहे.

मतपेटी तर आहे ना, असा यावर आक्षेप येतो. तो खरा धरून लोणावळ्याचेच उदाहरण घेऊ. येथील नगरपरिषदेची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली, तिची मुदत २०२२ च्या आरंभी संपली, आणि आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकून पडल्यामुळे पुढची निवडणूक होण्यास २०२५ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. २०१७ मध्ये ज्या मुलाला अठरावे वर्ष संपून मताधिकार मिळाला, तो आपल्या नगरसेवकासाठी पहिले मत टाकण्यास गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा झाला होता. शिक्षण संपवून, नोकरी धरून, कदाचित संसार मांडून तो मतदार झाला, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. महाविद्यालयात त्याला हा सराव मिळाला असता, पण तेथेही १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमण्याची पद्धत घालून दिली होती. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुका पुन्हा मान्य केल्या, परंतु त्या प्रत्यक्षात लांबणीवरच पडत गेल्या. राज्याला तरुणांच्या मताची भीती वाटते असा आरोप मी करीत नाही. त्या मताची वाट पाहण्याची राज्याला कधी घाई नव्हती, इतकेच माझे म्हणणे आहे.

घाई असते ती तरुणांच्या श्रमाची. लोणावळ्याच्या आसमंतात पावसाळा सुरू झाला की काय घडते हे आपणांस मी सांगावयास नको. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले; १५ जून २०२५ रोजी, रविवारी, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली इंद्रायणीत कोसळला आणि चार माणसे प्राणास मुकली. पूल जीर्ण झाला आहे हे परिसरात कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. धोक्याची सूचना देणारा फलकदेखील तेथे होता. अशा प्रत्येक प्रसंगी पहिली हाक जाते ती येथल्या तरुणांच्या पथकांना. ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक दोर, कप्प्या आणि तराफे घेऊन रात्री-अपरात्री दरीत उतरतात, ‘वन्यजीव रक्षक मावळ’चे कार्यकर्ते धावतात, आणि त्यांतील पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या नोकरीवर वेळेवर हजर असतात. कोणत्या वळणावर पाणी अचानक चढते, कोणत्या वाटेवर गर्दी किती वाजता अंगावर येते, कोणता फलक कोणीही वाचत नाही आणि का वाचत नाही, याचे जितके सूक्ष्म ज्ञान या मुलांपाशी आहे तितके मुंबईतील कोणत्याही सचिवालयापाशी असणे शक्य नाही. दुर्घटनेनंतर प्रतिबंधात्मक आदेश निघतात, तेही आवश्यक असतील. पण पर्यटनाचा आराखडा ज्या बैठकीत ठरतो तेथे या मुलांना आसन असावे, असे आपल्या कोणत्याही कायद्याच्या कलमात लिहिलेले नाही. कोणा समंजस अधिकाऱ्याने त्यांना बोलाविले तर तो त्याचा चांगुलपणा, आणि त्याची बदली झाली की तो चांगुलपणाही त्याच्याबरोबर जातो.

२०२४ मध्ये राज्य शासनाने ५० हजार ‘योजनादूत’ नेमण्याचे ठरविले. १८ ते ३५ वयाच्या पदवीधर तरुणांनी दरमहा १० हजार रुपये मानधनावर सहा महिने गावोगाव हिंडून शासनाच्या योजना लोकांना समजावून द्याव्यात, अशी ती तजवीज होती. माहितीअभावी लोकांचे हक्क बुडतात हे खरे असल्यामुळे या कल्पनेची थट्टा करणे मला उचित वाटत नाही. तथापि दूत हा दोन्ही बाजूंचा असतो, एका दरबाराचा निरोप नेतो आणि दुसऱ्याचा घेऊन येतो, ही राजनीतीतील जुनी समजूत आहे. आपल्या योजनादूताच्या कामात परतीच्या निरोपाची नोंद करणारा रकाना मात्र मला आढळला नाही.

आता मी दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्याकडे वळतो. शिवकाल टाळून पेशव्यांच्या राजधानीत शिरलो असे कोणी समजू नये. मी जातो आहे तो पेशवाई बुडाल्यानंतर अर्ध्या शतकाने, १८७० च्या एप्रिलात स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेकडे. लोकांच्या वतीने सरकारला सल्ला देणारी, सरकारच्या प्रस्तावांची छाननी करून त्यांवर अर्ज, निवेदने आणि खलिते धाडणारी, आणि हे सर्व कोणत्याही कायद्याचे पाठबळ नसताना करणारी महाराष्ट्रातील आरंभीच्या व्यवस्थित संस्थांपैकी ही एक होय, आणि सल्लागार मंडळाविषयी आपणांस जे काही शिकावयाचे आहे त्याचा बराच भाग तिच्या इतिहासात आढळतो. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी सभासदत्वासाठी घातलेली अट तर आज वाचतानाही विस्मय वाटतो. सभासद व्हावयाचे त्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा सभेपुढे रुजू करावयाचा. आरंभीच्या ९५ सभासदांमागे अशा रीतीने सुमारे ६ हजार माणसांच्या सह्या उभ्या होत्या. निवडणूक हा शब्द ज्या काळी पुण्याच्या पेठांत रुळलाही नव्हता, त्या काळी ‘तू कोणाच्या वतीने बोलतोस?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभासदाच्या खिशात कागदावर लिहिलेले होते.

त्या सभेत तरुणांना मज्जाव नव्हता. महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश होऊन पुण्यास आले तेव्हा तिशीच्या आत होते, आणि सभेच्या कामाचा खरा सूत्रधार, पडद्यामागे राहून का होईना, तेच झाले. गोपाळ कृष्ण गोखले सभेच्या त्रैमासिकाचे काम पाहू लागले तेव्हा त्यांचे वय विशीच्या आगेमागे होते. आकडे कसे तपासावे, सरकारी अहवालातील विसंगती कशी पकडावी आणि तीव्र मत सौम्य भाषेत कसे मांडावे, हे त्यांनी रानड्यांच्या कठोर देखरेखीखाली आत्मसात केले, आणि १८९७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले तेव्हा त्या शिक्षणाचे चीज झाले. गोखल्यांच्या चरित्रांतून एक प्रसंग सांगितला जातो. महिनोन्‌महिने खपून तयार केलेल्या निवेदनाला सरकारकडून दोन ओळींची पोच आली, मजकुराची नोंद घेतली आहे एवढाच तिचा आशय, आणि तरुण गोखले हिरमुसले. त्यावर रानड्यांनी समजूत घातली ती अशी की, ही निवेदने नावाला सरकारकडे जातात, खरे पाहता ती आपल्या लोकांसाठी लिहिलेली आहेत. लोकांना सार्वजनिक प्रश्नांवर विचार करण्याची सवय लागावी म्हणून हे काम फळाची अपेक्षा न ठेवता पुष्कळ वर्षे करावे लागेल.

या उत्तरातील उदात्तता कोणीही नाकारणार नाही, आणि रानड्यांच्या काळी याहून वेगळे उत्तर संभवतही नव्हते, कारण समोर परकीय सत्ता होती आणि तिला उत्तराची सक्ती करील असा अधिकार हिंदी माणसाच्या हाती नव्हता. ती सत्ता मनात आले तेव्हा पोचही नाकारू शकत होती. दुष्काळातील सारामाफीच्या चळवळीनंतर, १८९७ च्या मार्चात, मुंबई सरकारने जाहीर केले की सार्वजनिक धोरणासंबंधी सरकारशी पत्रव्यवहार करणारी संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता राहणार नाही, आणि सत्तावीस वर्षे चाललेला उपक्रम एका ठरावाने दप्तरात बंद झाला. परंतु रानड्यांनी गोखल्यांना दिलेले समाधान आज आपण प्रजासत्ताकातील तरुणाला देऊ लागलो, ‘तू सूचना करीत राहा, सरकारने ऐकले नाही तरी तुझे शिक्षण होते आहे’ असे त्याला सांगू लागलो, तर ती शुद्ध प्रतारणा ठरेल. आपल्याकडील युवा संसदा आणि अभिरूप विधानसभा पाहताना माझ्या मनात हाच विचार घोळत असतो. मुले नेटके पोशाख करून येतात, तारांकित प्रश्न विचारतात, सभात्याग सुद्धा करतात, पारितोषिके घेतात आणि घरी जातात; त्या सभागृहात संमत झालेला एकही ठराव कोणत्या खात्याकडे रवाना झाला काय, याची चौकशी पारितोषिक देणारे पाहुणेही करीत नाहीत.

म्हणून तरुणांच्या सल्लागार मंडळाला इमारत, निधी आणि ओळखपत्र यांच्याही आधी उत्तर मिळण्याचा हक्क हवा, असे माझे प्रतिपादन आहे. मंडळाने लेखी सूचना केली की संबंधित खात्याने ठरीव मुदतीत लेखी उत्तर द्यावे. सूचना स्वीकारली तर अंमलबजावणी कोण आणि केव्हा करणार ते त्यात असावे, नाकारली तर कारण असावे, आणि सूचना व उत्तर दोन्ही विधिमंडळाच्या पटलावर ठेवली जावीत. मंडळाचा शब्द अखेरचा असावा अशी मागणी मी करीत नाही. अखेरचा शब्द निवडून आलेल्यांचाच असला पाहिजे. ही मागणी महाराष्ट्राला नवखी वाटण्याचेही कारण नाही. सरकारी सेवकाच्या मेजावर नस्ती कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, असा विलंबप्रतिबंधक कायदा आपण २००५ मध्येच केला. माहितीच्या अधिकाराचा आपला स्वतंत्र कायदा देशाच्या कायद्याआधी, २००२ मध्ये आला. लोकसेवा हक्काचा अधिनियम २०१५ चा आहे. जन्माचा दाखला किती दिवसांत मिळावा हे ज्या राज्याने कायद्याने ठरविले, त्या राज्याला सल्ल्याचे उत्तर किती दिवसांत द्यावे हे ठरविता येणार नाही असे थोडेच आहे!

मंडळाला कायद्याचा पाया हवा, हा धडाही घरचाच आहे. आदिवासी सल्लागार परिषद घटनेच्या पाचव्या अनुसूचीत असल्यामुळे ती कशी चालते याविषयी मतभेद झाले तरी ती असावी की नसावी हा प्रश्न कोणाच्या मर्जीवर सोपविलेला नाही. उलट विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची विकास मंडळे १९९४ मध्ये मुदतीने नेमली गेली, ती मुदत वेळोवेळी वाढत राहिली आणि २०२० च्या एप्रिलअखेर संपली ती संपलीच. केरळने २०१४ मध्ये युवा आयोगाचा कायदा केला. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने २००५ पासून १४ ते १८ वर्षांच्या मुलांची सल्लागार परिषद कायद्यानेच ठेवली आहे. युरोप परिषदेत तर तरुणांच्या संघटनांचे ३० प्रतिनिधी सरकारी अधिकाऱ्यांच्या बरोबरीने बसून युवक-विभागाचा कार्यक्रम ठरवितात. परदेशच्या दाखल्यांवर अधिक वेळ घालविण्याची मला आवश्यकता वाटत नाही; उत्तर देणारी कचेरी तेथेही आपोआप निर्माण झालेली नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे पुरे.

कोणी विचारील की, मुख्यमंत्री फेलोशिप ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली, २१ ते २६ वयाचे हुशार पदवीधर वर्षभर शासनात काम करतात, मग आणखी मंडळ कशास हवे? त्या योजनेतून चांगली माणसे घडली असतील आणि कचेऱ्यांतील खिडक्या थोड्या उघडल्याही असतील. परंतु तेथे प्रवेश मिळतो तो ६० टक्के गुण, कामाचा अनुभव आणि परीक्षा यांच्या बळावर. निवड करणारी कचेरी, काम नेमून देणारी कचेरी आणि शिफारसपत्र लिहिणारीही कचेरीच. अशा तरुणाच्या खिशात सार्वजनिक काकांचा मुखत्यारनामा नसतो, आणि तो असावा अशी त्या योजनेची अपेक्षाही नाही. नाणे मावळातून पहाटेची एस. टी. धरून वडगावला येणारी मुलगी, पवन मावळात पर्यटकांसाठी तंबू भाड्याने देणारा मुलगा, कातकरी वस्तीतील पहिला दहावी झालेला विद्यार्थी, यांच्या वतीने बोलणारा कोणी तेथे परीक्षा देऊन पोहोचेल, हा केवळ योगायोग ठरेल. २०२२ च्या सप्टेंबरात तळेगावचे नाव ज्याच्यासाठी घेतले जात होते तो अर्धवाहकांचा प्रकल्प गुजरातेत गेल्याची वार्ता आली आणि राज्यभर वाग्युद्ध पेटले. त्या वाग्युद्धात तळेगावच्या तरुणाचे नाव प्रत्येक पक्षाने घेतले, पण त्याला नेमके कोणते कौशल्य हवे आहे आणि जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणते यंत्र नाही, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे असे कोणाला सुचल्याचे मला आठवत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पक्षांचा आहे. मंडळ निघाले की प्रत्येक पक्षाची युवक आघाडी आपली माणसे त्यात घुसवील, आणि सहा महिन्यांत ते पुढच्या उमेदवारीच्या इच्छुकांचा अड्डा होईल, अशी भीती व्यक्त होते. ही भीती अनाठायी नाही. मावळातील राजकारण ज्याने जवळून पाहिले आहे तो तर ती हसण्यावारी नेणार नाही. शासनाने नावे ठरविली तर ती सत्तापक्षाची होतील, निवडणूक घेतली तर फलक आणि जेवणावळी सुरू होतील. यावर मला एकच तोडगा दिसतो, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. गावातील तरुणांनी पन्नास सह्यांनिशी नावे सुचवावीत आणि त्या नावांतून सोडत काढावी, मुलींचा निम्मा वाटा आणि वाड्या-वस्त्यांचा हिस्सा आधी राखून ठेवावा, मुदत दोन वर्षांची असावी आणि पुन्हा संधी असू नये. सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी उचलण्यास आपण आजही एखाद्या शाळकरी मुलाला व्यासपीठावर बोलावतो. राज्याच्या कारभारात त्या वयाला मिळणारा हा एकमेव अधिकृत मान आहे, आणि तो त्याला काही कळत नाही म्हणून मिळतो, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

अपरिपक्वतेच्या आक्षेपावर मी फार थांबत नाही. चूक सल्ला देण्याचा मक्ता कोणत्याही वयाकडे नाही, आणि सल्ला चुकीचा असेल तर कारण देऊन नाकारण्याची सोय मी आधीच ठेवली आहे. मात्र कोणती गोष्ट कोणाकडे मागावी हे तरुणांना शिकावे लागेल. पुणे–लोणावळा लोकलच्या वेळा हा येथल्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, पण रेल्वे दिल्लीच्या अखत्यारीतली, एस. टी.च्या फेऱ्या मात्र राज्याच्या हाती आहेत, आणि एकवीरेच्या पायथ्याशी वाहने कोठे थांबावीत हा प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवरच सुटू शकतो. हा विवेक पुस्तकातून येत नाही. चुकीच्या दारावर गेलेली एक सूचना लेखी कारणासह परत आली की तो येतो.

आरंभ राज्याने सर्व जिल्ह्यांत एकाच दिवशी, एकाच छापील नमुन्यावर करावा असे मला वाटत नाही. मावळ तालुका त्यासाठी सोयीचा आहे. आंदर, नाणे आणि पवन या तीन खोऱ्यांतून आणि लोणावळा, तळेगाव, वडगाव या गावांतून मंडळ घडवावे. त्याची पहिली बैठक जिल्हा नियोजन समिती पुढील वर्षाचा आराखडा पक्का करण्यापूर्वी व्हावी, म्हणजे सूचना निधीच्या हिशेबात धरली जाईल. आणि पहिला विषय पावसाळी पर्यटनाचा, धोक्याच्या पुलांचा व वाटांचा असावा, कारण त्या विषयात येथल्या तरुणांना कोणी काही शिकविण्याची गरज नाही. सूचना आणि उत्तरे यांची नोंदवही वडगावच्या तहसील कचेरीत राहावी आणि कचेरीच्या वेळात ती कोणालाही मागून वाचता यावी. पहिल्या वर्षी त्या वहीत होकारापेक्षा नकार अधिक निघाले तरी मंडळ बरखास्त करण्याची भाषा कोणी करू नये. प्रत्येक नकाराखाली कारण, तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही आहे की नाही, एवढे तपासण्याचे काम मात्र या सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आपणाकडे घ्यावे, अशी माझी विनंती आहे.